चालू लूमवर तोंड उघडायचं नाही

आमच्या घरमालकिणीने मला खोली दिली ती माझी साडी बघून. आमचे हे नगरपालिकेत कारकून. खोली बघायला गेलो तेव्हा ह्यांनी नोकरीचे कागद खिशातून काढून हातात तयार ठेवले होते. तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा पदर चिमटीत धरला, अंगठ्याने चोळला, उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "किती वर्सांची हाय?"

मी म्हटलं, "सहा."

"मंग ऱ्हा. कपडा जपती ती घर बी जपंल."

मग ह्यांच्या शर्टाची बाही चाचपली आणि म्हणाली, "मांजरपाट. साधा हाय, पन टिकंल."

ती ह्यांच्याबद्दल बोलली होती, हे आम्हाला पुढे चार-सहा महिन्यांनी उमगलं. कारण ती सगळ्या माणसांना कपड्यातच मोजायची. समोरचा दुकानदार 'आटणारा', म्हणजे पहिल्या धुण्यात आखडणारा. माझी सासू 'पक्क्या रंगाची'. एकदा गल्लीतल्या लग्नाला गेली, नवऱ्या मुलाच्या कोटाला सगळ्यांदेखत हात लावला आणि मुलीच्या आईला म्हणाली, "अस्तर बरं हाय गो, वरचं कापड भाड्याचं हाय." आता असं बोलतात का कुठे! पण बोलली. आणि जेवूनही आली.

भिवंडीतल्या नारपोलीत तिचं घर. खाली कारखाना, आठ लूम, म्हणजे विजेवरचे माग. मागच्या खोलीत ती एकटी, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. नवरा गेला तेव्हा तिच्या दिरांनी लूम विकायला काढले होते. ही म्हणे चाळीस दिवस उलटल्यावर नवऱ्याचा शर्ट साडीवरच चढवून कारखान्यात जाऊन उभी राहिली, आणि लूम दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या जॉबरला म्हणाली, "शिकव." तेव्हापासून साडीवर शर्ट हा तिचा वेश. खिशात पाना, पक्कड, सुताची गुंडी आणि बडीशेप, सगळं एकत्र. बडीशेप दिली की तिला मशिनच्या तेलाचा वास. आम्ही खायचो.

सगळं नारपोली तिला फुफी म्हणायचं. हिंदू, मुसलमान, उत्तरेकडून आलेले कारागीर, सगळ्यांची ती आत्या.

तिला ऐकायला कमी यायचं. इतकी वर्षं लूमच्या शेजारी काढल्यावर कानांनी तरी किती करायचं? आठ लूम एकदम सुरू झाले की कोणाच्या कानात ओरडलं तरी त्याला आपले नुसते दात दिसतात. म्हणून कारखान्यात सगळं हातांनी चालायचं. दोन बोटं कातरीसारखी हलवली की तार, म्हणजे ताण्याचा उभा धागा, तुटली. मूठ उघडून रिकामा तळवा दाखवला की आडव्या सुताची कांडी संपली. कमरेवर थाप म्हणजे बीम, ताण्याचा मोठा रूळ, संपत आला. कानामागे पेन्सिल खोचल्यासारखं केलं की हिशेब ठेवणारे मेहताजी आले, हात आवरा. आणि मनगटावर टिचकी म्हणजे खुद्द फुफी आली, कारण ती नवऱ्याचं मोठं घड्याळ घालायची. ही खूण आपल्याला ठाऊक नाही, असं ती दाखवायची.

तिचा एकच नियम होता. नवा कारागीर आला की त्याच्या ओठांवर बोट ठेवून सांगायची, "चालू लूमवर तोंड उघडायचं न्हाय. तोंड उघडलं की नजर हलती. नजर हलली की तार जाती." कोणी बोलताना सापडला तर लूम थांबवून त्याला बाहेर काढायची. "जा, बाहेर जाऊन भाषण दे. आत काम चाललंय."

तर अशा घरात रेहेमा आली.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. फुफीच्या माहेरचं कोणी तिकडे आफ्रिकेत, टांझानियात, दुकान टाकून होतं. त्यांचं पत्र आलं. शेजारची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर हिंदुस्थानात येते आहे, ठाण्याच्या एका संस्थेत कापड विणण्याचा डिप्लोमा करायला. तिथे मुलींना राहायची सोय नाही, तुम्ही ठेवून घ्याल का? पत्र मीच वाचून दाखवलं. फुफी म्हणाली, "कापडाचं शिकाया येती? मंग इथं न्हाय ऱ्हायची तर कुठं ऱ्हायची?"

एकोणीस वर्षांची पोर. उंच, काटक, डोक्यावर बारीक वेण्यांच्या ओळी पेरल्यासारख्या, हातात पत्र्याची पेटी. रिक्षातून उतरली आणि सगळी गल्ली गोळा! बायका वेण्या मोजायला लागल्या, पोरं पेटीला हात लावून पळायला लागली. फुफीने गर्दीतून वाट काढली, पोरीच्या झग्याची कड चिमटीत धरली आणि जाहीर केलं, "कोरं हाय. खळ बी उतरली न्हाय अजून. दोन-तीन धुणी जाऊ देत."

मला तर त्या दिवसांत काय करू आणि काय नको असं झालं होतं! परदेशातलं माणूस आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहायला आलेलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काय ते वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि मुलांची पुस्तकं वाचून. इंग्रजीचं माझं भांडवल म्हणजे थोरल्याचं पाचवीचं पुस्तक. ते ओट्यावर उघडं ठेवून मी भाकऱ्या करायचे आणि तिच्याशी बोलायचं वाक्य आधी तव्याला म्हणून दाखवायचे.

तिसऱ्या दिवशी ती वर आली. चेहरा उतरलेला. इतकी हळू बोलायची की शेजारी कोणी झोपलंय असं वाटावं. त्यांच्याकडे म्हणे मोठ्याने बोलणं वाईट समजतात. मला विचारते, "आंटी, व्हाय एव्हरीबडी अँग्री?"

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. आमच्या भिवंडीत लूमवरची माणसं शिफ्ट संपवून बाहेर येतात तेव्हा कानात अजून खडखडाट असतो. ती आवाज चढवून बोलतात, मग त्यांना उत्तर देणारेही चढवतात, आणि असं करता करता अख्खं गाव ओरडून बोलतं. आम्हाला ते कधी जाणवलंच नव्हतं! भाजीवाला तिला 'कोथिंबीर ताजी हाय' एवढंच सांगत होता, आणि ही बिचारी पिशवी तिथेच टाकून पळून आलेली. मी तिला माझ्या इंग्रजीत सांगितलं, "नो अँग्री. ओन्ली कोथिंबीर." तिला ते पटलेलं दिसलं नाही.

जेवण मात्र अडलं नाही. फुफीने नारळ घालून माशाचं कालवण केलं, त्याच्या पहिल्या घासाला पोरीचे डोळे मोठे झाले. त्यांच्या गावातही समुद्र, नारळ, भात. चपातीलाही ते चपातीच म्हणतात! फुफी खूश. "बघ गो, गाव एकच हाय. मधी पानी जरा जास्त हाय."

पण तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या खोलीत गेले तर पेटी भरलेली. तिने वडलांना लिहिलं होतं, मला परत यायचंय. उत्तर आलं की निघणार होती. संस्थेत कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. बोलले तर ते इतकं भराभर की तिला कळायचं नाही. तिने काही विचारलं तर तिचा आवाज कोणाला ऐकू जायचा नाही.

मी फुफीला कानाशी ओरडून सांगितलं. तिने विचारलं, "रडती का?"

"रडत नाही. नुसती बसून असते."

"बसली म्हंजे गेली. उभी कर तिला."

आणि नवऱ्याचा दुसरा शर्ट काढून तिच्या अंगावर घातला. मी रागावले. म्हटलं, "फुफी, पोरगी शिकायला आलीये, तुमच्याकडे राबायला नाही."

"मंग मी काय तिला पोळ्या लाटाया नेतेय?"

चालू लूमसमोर तिला उभी केली. ओठांवर बोट ठेवलं. मग कातरीने ताण्याची एक तार कापली आणि खुणेनेच जोडायला सांगितली. रेहेमाने जोडली. फुफीने बघितली आणि पुन्हा कापली. जोडली, कापली. जोडली, कापली. मी दारात चहा घेऊन उभी, मनात म्हणतेय, ही म्हातारी पोरीला आज रात्रीच्या गाडीला लावणार. संस्थेच्या पुस्तकात लूमची चित्रं असतात, त्यांना आवाज नसतो. आवाज नसला की सगळं सोपं दिसतं.

पाच-सहा दिवस असेच गेले. आणि एक दिवस मी चहा घेऊन खाली गेले तर ते घडलं. रेहेमाच्या लूमवरची कांडी संपली. तिने लूम थांबवला आणि पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या कारागिराकडे बघून मूठ उघडली, रिकामा तळवा दाखवला. तो मान हलवून लगेच भरलेली कांडी घेऊन आला. काय झालं असेल हो एवढं? पण ह्या देशात पाऊल ठेवल्यापासून ती पहिल्यांदा काही बोलली होती आणि समोरच्याला ते एका दमात कळलं होतं! पुन्हा विचारावं लागलं नाही, कोणी हसलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि अशी हसली, अशी हसली की माझ्या हातातला चहा बशीत आला. मी जिन्यावरून ह्यांना ओरडून सांगितलं, "अहो, ती बोलली!" हे धावत खाली आले. खाली तर काहीच ऐकू येत नव्हतं!

मग काय, पोर सुटलीच. भाजीवाल्याला हातांनी, एसटीच्या कंडक्टरला हातांनी, माझ्या मुलांना हातांनी. मुलांनी शाळेत कानामागे पेन्सिल खोचून दाखवली, मुख्याध्यापक आले की. छड्या खाल्ल्या. भिवंडीत हातांची ही बोली कोणाला येत नाही? निम्मं गाव लूमवर. नाक्यावरचा पानवालाही तिला लांबूनच कातरी करून विचारायचा, "तार तुटली का आज?" शुक्रवारी आमच्याकडे वीज नसायची, लूम बंद. एका शुक्रवारी दुपारी रेहेमा वर आली आणि म्हणाली, "आंटी, टू मच क्वाएट. आय कान्ट स्टडी." मी मनात म्हटलं, गेली ही पोर कामातून, झाली भिवंडीची!

वडलांचं पत्र आलं. यायचं तर ये, तिकीट पाठवतो. तिने मला ते वाचून दाखवलं आणि घडी घातली. "नॉट नाऊ, आंटी."

पण आता जाणं न जाणं तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. डिसेंबरात पहिल्या सत्राची परीक्षा होती. त्यात नापास झालं की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे सरळ घरी.

लेखी चांगली गेली. लूमवरचं काम तर तिच्या हातचा मळ. निकालाच्या दिवशी, मंगळवारी, ती दुपारच्या एसटीने आली ती माझ्यासमोर कागद ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. लेखी पास. काम पास. तोंडी परीक्षा शून्य, आणि खाली शेरा, 'उद्धट'. एका विषयात नापास म्हणजे सगळ्या सत्रात नापास.

हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. परीक्षेला सगळे लूम चालू होते. सर तिच्या लूमशी आले आणि लूमकडे बोट दाखवून प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं, कातरी केली, कमरेवर थाप मारली. सरांनी पुन्हा विचारलं. तिला वाटलं, नीट दिसलं नसेल. तिने मोठ्याने, म्हणजे मोठ्या हातांनी, पुन्हा केलं. सर लाल झाले. तेवढ्यात सरांच्या मागच्या लूमवर तार अडकली, तर हिने दोन्ही तळवे त्यांच्या तोंडापुढे धरून त्यांना थांबवलं आणि त्यांच्या काखेखालून हात घालून तो लूम बंद केला.

"पण बोललीस का नाहीस?" मी विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं. चालू लूमवर तोंड उघडायचं नाही.

मी खाली जाऊन फुफीला कानाशी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एकेका लूमशी जाऊन तिने आठही लूम बंद केले. मंगळवारी, भर दुपारी! कारागीर बघत राहिले. गल्ली धावत आली, कोण गेलं म्हणून विचारायला. फुफी रिकाम्या बीमवर बसली होती. मी तिला बसलेली कधी पाहिलीच नव्हती.

"पोरीची चूक न्हाय," ती म्हणाली. "ही गाठ मी मारलीय. मीच सोडवीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ठाण्याला निघालो. मी फुफीला म्हटलं, जरा बरी साडी नेसा. नेसली, लग्नातली जरीची. आणि वर शर्ट. "फुफी, आज तरी शर्ट नको." "मंग पाना कुठं ठेवू?"

वाटेत काल्हेर गावावरून गाडी जाताना तिने एकदाच बाहेर बघितलं आणि विचारलं, "सर कोनच्या कपड्याचा हाय?" रेहेमाने विचार करून सांगितलं, "टेरिकॉट." फुफीने तोंड वाकडं केलं. "मंग इस्त्री करावी लागनार न्हाय. लवकर वाकनार न्हाय."

सर पन्नाशीचे, सडपातळ. उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फुफी म्हणाली, "सायब, चूक माझी हाय. नापास करायचं तर मला करा."

सर म्हणाले, "आजी, तुमचं नाव माझ्या यादीत नाही."

तिला ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मंग घाला. लूम कुठं हायत तुमचे?"

सरांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं दिली, आमच्यापासून सुटका म्हणून असतील. मोठ्या शेडमध्ये सहा लूम, एक पिकल्या मिशांचा कारागीर. फुफीने त्याला लूम चालू करायला लावले. रेहेमाला आणि सरांना ह्या टोकाला उभं केलं, आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन रेहेमाकडे पाठ केली. काय केलं ते इकडून दिसेना. एका लूमवर वाकली, दुसऱ्यावर वाकली, तिसऱ्याला पाना लावला. मग वळली आणि हात चालवायला सुरुवात केली. कातरी. रिकामा तळवा. आणि तिसरी एक खूण, मनगट गरागरा फिरवलेलं, मला ती अजून कळली नाही.

रेहेमा गेली. तार जोडली. कांडी बदलली. तिसऱ्या लूमशी थांबली, खाली वाकून बघितलं आणि फुफीकडे हात पसरला. पाना हवेतून आला! तिने तो झेलला, नट आवळला. तेवढ्यात तो मिशांचा कारागीर लांबून तिला काहीतरी खुणावायला लागला, आणि ही त्याला उत्तर देतेय, तो हसतोय, ही हसतेय. सर मला ओरडून काही विचारत होते, मला त्यांचे नुसते दात दिसत होते. मीही त्यांना ओरडून उत्तर दिलं. आमचं दोघांचं काही जुळेना. शेवटी सरांनी वैतागून दोन्ही हात उडवून विचारलं, "म्हणजे काय?" आणि हात हवेत असतानाच त्यांच्या लक्षात आलं, आपण काय करतोय ते. हात खाली घेतले. गालात हसले की काय, मला नक्की सांगता येणार नाही.

लूम बंद झाल्यावर ते म्हणाले, "शेरा मी खोडतो. चूक माझीही आहे. पण आजी, हातांना मला मार्क देता येत नाहीत. तोंडी परीक्षा तोंडानेच द्यावी लागेल. आत्ता. माझ्या खोलीत."

आणि रेहेमाला घेऊन आत गेले. दार लागलं.

आम्ही बाहेर बाकावर. फुफी मला कोपराने ढोसते, "काय म्हनती?" मी दाराला कान लावला. सरांचा प्रश्न ऐकू आला. मग काहीच नाही. "बोलली का गो?" "थांबा ना फुफी!" पुन्हा सरांचा आवाज, "लाउडर, प्लीज." फुफीने बडीशेपेची मूठच्या मूठ तोंडात टाकली. मग आत पुटपुटल्यासारखं काही सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि मग थांबेचना. सर मध्ये विचारतायत, ही बोलतेच आहे. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी.

दार उघडलं. सर म्हणाले, "पास. काठावर, पण पास. पुढच्या वेळी पहिल्याच प्रश्नाला बोलायचं."

मी फुफीला ओरडून सांगितलं. तिने सरांच्या बाहीला हात लावला, अंगठ्याने चोळला. मी डोळे मिटले. म्हणाली, "बरा हाय. आत सूत हाय."

ठाण्याच्या स्टँडवर भिवंडीची गाडी लागली तेव्हा तिथे माणसांचा नुसता गोंधळ. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची तिथली पद्धत. रेहेमा गर्दीतून वाट काढत सगळ्यांच्या आधी आत शिरली, एक जागा गाठली, आणि ती आमच्यासाठी वळणार तोच खिडकीतून कोणाचा तरी रुमाल येऊन त्या जागेवर पडला. आम्ही दोघी अजून दाराच्या पायरीवर. आणि आतून आवाज आला. असा आला की कंडक्टरची घंटा थांबली.

"ओ भाईसाब! रुमाल उठाओ! मेरी फुफी खडी है, दिखता नहीं क्या?"

फुफी पायरीवरच थबकली. दांडा धरून माझ्याकडे वळली.

"ही आपली पोर?"

"हो, फुफी."

"काय म्हनली ते नको सांगू," ती म्हणाली. "मला ऐकू आलं गो."

आणि तशीच उभी राहिली, दार अडवून. मागे पंधरा-वीस माणसं ओरडत होती, ओ मावशी, सरका ना आत, गाडी सुटंल. त्यांचं तिला काही ऐकू येत नव्हतं.